यादीत नसलेला तांदूळ

बिअरची पाककृती म्हणजे निम्मा स्वयंपाक आणि निम्मा हिशेब. माल्ट किती, पाणी किती, हॉप्स कधी टाकायचे, यीस्ट कोणतं, हे एकदा ठरलं की त्यातून पाच आकडे निघतात: आंबवण्यापूर्वी रसाची घनता, आंबवून झाल्यावरची घनता, त्या दोहोंच्या फरकातून येणारं मद्यार्काचं प्रमाण, कडूपणा आणि रंग. परदेशात घरी बिअर करणारी मंडळी हा हिशेब पूर्वी वहीत करत. १९९०च्या दशकात त्यासाठी खास सॉफ्टवेअर आली. आता नवशिका माणूस भांड्याबरोबरच सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हेही विचारून घेतो.

उत्तर देणारे बहुधा त्यातल्या सोयी मोजतात. अमक्यात शेकडो प्रकारचे माल्ट आहेत, तमक्यात हजारो तयार पाककृती आहेत. मला ही परीक्षा उलट्या बाजूनं घ्यावीशी वाटते. यादीत जे नाही, ते घातल्यावर सॉफ्टवेअर काय करतं? अशा परीक्षेला भंडारा जिल्हा फार सोयीचा आहे. हा धानाचा आणि मालगुजारी तलावांचा मुलूख. तुमसरचा धान बाजार, गावोगावच्या राईस मिल, जाडे पोहे, कणी, सुवासिक चिन्नोर, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाखाली सडा घालणारी मोहफुलं. बिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये बव्हेरियाचा माल्ट आणि बेल्जियमची खडीसाखर हमखास सापडते. तांदळाच्या वाट्याला मात्र एखाद-दोन ओळी येतात आणि मोहफुलाला तेवढीही जागा नसते.

आधी कायदा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९च्या मद्यनिषेध कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्यापुरती, विक्रीविना, वीस लिटर बिअर केली तरी तो गुन्हाच ठरतो. मद्य बनवण्याच्या हेतूनं साहित्य किंवा उपकरणं बाळगणंही त्याच कायद्यात बसतं. भंडाऱ्यात दारूबंदी नाही, पण शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून आहे आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात होती. त्यामुळे या भागात हा विषय नाजूक आहे हे कोणाला सांगायला नको.

सॉफ्टवेअर वापरायला मात्र परवाना लागत नाही. कागदावरची पाककृती कोणीही मांडू शकतो. ती भांड्यात उतरवता येते ती जिथे कायदा परवानगी देतो तिथे. ब्रिटननं १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःपुरती करता येते. दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट. विकायची मात्र नाही. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या तुमसरच्या इंजिनिअरला हा छंद उघडपणे जोपासता येतो आणि पोहे त्याला तिथल्या भारतीय दुकानात मिळतात. महाराष्ट्रात हेच ज्ञान परवानाधारक मायक्रोब्रुअरीत कामाला येतं. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलालीनं त्या धंद्याची वाट पाडली. पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्ससारख्या पुण्याच्याच ब्रुअरीनं कोकम घातलेली बिअर काढली. कोकमाची ओळ परदेशी सॉफ्टवेअरनं तयार ठेवलेली नसते, ती आपणच लिहावी लागते.

आकडे येतात कुठून

एक साधं उदाहरण घेऊ. चार किलो माल्ट आहे आणि शेवटी वीस लिटर रस हवा आहे. चांगल्या माल्टमधून प्रयोगशाळेत किलोमागे साधारण ३०० ‘लिटर-अंश’ साखर निघते. म्हणजे एक किलोचा सगळा अर्क एका लिटरमध्ये आला तर घनता १.३०० होईल. चार किलोंचे झाले १२०० अंश. घरच्या गंजात एवढं सगळं कधीच निघत नाही. थोडी साखर चोथ्यात राहते, थोडी उकळल्यावर तळाशी बसलेल्या गाळाबरोबर जाते. वीस लिटर रसाची घनता १.०४२ भरली, तर हाती आले ४२ गुणिले २०, म्हणजे ८४० अंश. ८४० भागिले १२००, म्हणजे ७० टक्के. ही तुमच्या स्वयंपाकघराची कार्यक्षमता.

पुढचं गणित सोपं आहे. यीस्टनं पाऊण साखर खाल्ली तर ४२चे साडेदहा अंश उरतात. दोन घनतांमधला फरक १३१.२५ने गुणला की मद्यार्क सुमारे ४.१ टक्के येतो. सगळ्या सॉफ्टवेअरच्या पोटात हेच किंवा याच्या अगदी जवळचं सूत्र असतं. या कामात एक दुसऱ्याहून हुशार आहे असं मुळीच नाही.

फरक पडतो तो ७० टक्के या आकड्यावर. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की तिथे कोणीतरी आधीच ७० किंवा ७५ लिहून ठेवलेले असतात. भांडं पाच अमेरिकी गॅलनचं, म्हणजे १९ लिटरचं धरलेलं असतं. तासाभरात किती लिटर वाफ होईल, तेही कोणाच्या तरी शेगडीवरून ठरलेलं असतं. एका गावच्या सूर्योदयावर काढलेलं पंचांग दुसऱ्या गावात लावलं तर तिथी-वेळा पुढेमागे होतात, तसंच हे. पंचांगात चूक नसते, गाव दुसरं असतं.

इथे शब्दांचीही एक गफलत आहे. काही सॉफ्टवेअर ‘मॅश कार्यक्षमता’ विचारतात, काही ‘ब्रूहाऊस कार्यक्षमता’. वरच्याच उदाहरणात उकळल्यावर गंजात २२ लिटर रस होता आणि त्यातले दोन लिटर गाळासकट तळाशी राहिले असं समजा. पहिल्या मापानं कार्यक्षमता ७७ टक्के येते, दुसऱ्या मापानं ७०. एकीचा आकडा दुसरीच्या रकान्यात भरला की पाककृती सुरुवातीपासूनच घसरते. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखवतं आणि मधले दोन लिटर कुठे गेले तेही सांगतं.

एकच पाककृती, दोन कडूपणा

कडूपणाचं एकक म्हणजे आयबीयू. वीस लिटर रस, घनता १.०५०, त्यात ६ टक्के आल्फा आम्ल, म्हणजे कडूपणा देणारा घटक, असलेले २५ ग्रॅम हॉप्स तासभर उकळले. लिटरमागे आल्फा आम्ल झालं ७५ मिलिग्रॅम. पण उकळताना त्यातलं किती बिअरमध्ये उतरतं? ग्लेन टिन्सेथ यांच्या सूत्रानुसार सुमारे २३ टक्के. म्हणजे १७ आयबीयू. त्याच्याआधी लोकप्रिय असलेलं रेगर यांचं सूत्र जवळजवळ ३१ टक्के धरतं, तेव्हा तोच कडूपणा २३ आयबीयू होतो. हॉप्स तेच, गंज तोच, तरी आकड्यांत तिसऱ्या हिश्श्याची तफावत.

यात लबाडी कोणाचीच नाही. दोघांनीही आपापल्या निरीक्षणांना बसणारी रेषा काढली आहे. खरा आकडा प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून सॉफ्टवेअर कोणतं सूत्र वापरतंय हे दिसलं पाहिजे आणि ते बदलताही आलं पाहिजे. एकदा एक सूत्र धरलं की ते सोडू नये. मागच्या खेपेपेक्षा ही बिअर जास्त कडू की कमी, एवढंच तर आपल्याला जाणून घ्यायचं असतं. रंगाचंही असंच आहे. बहुतेक ठिकाणी डॅन मोरे यांचं सूत्र असतं आणि फिक्या बिअरला ते पुरतं.

पोहे, कणी आणि तूस

आता यादीत नसलेल्या तांदळाकडे येऊ. बिअरमध्ये तांदूळ घालणं नवीन नाही. अमेरिकेतली बडवायझर १८७६पासून तांदूळ घालून केली जाते, आणि भारतातल्या मोठ्या कारखान्यांच्या हलक्या लागर बिअरमध्येही तांदूळ असतो. राईस मिलमध्ये पडणारी कणी स्वस्त असते आणि स्टार्चच्या हिशेबात अख्ख्या दाण्याहून ती उणी नाही. तांदळामुळे बिअर फिकी, हलकी आणि कोरडी होते.

अडचण तापमानाची आहे. माल्टमधलं स्टार्च ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुगून मोकळं होतं. माल्टचीच एन्झाइम याच तापमानाला आणि त्याच्या थोडं वर, ७२ अंशांपर्यंत, जोमात काम करतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात जमतात. तांदळाचं स्टार्च मात्र वाणानुसार ७० अंशांच्या आसपास, कधी ७५च्याही वर गेल्यावर मोकळं होतं. तेवढ्या उष्णतेत एन्झाइमच मरतात. म्हणून कच्चा तांदूळ किंवा कणी आधी वेगळी शिजवून पेज करावी लागते आणि मग माल्टमध्ये मिसळावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘तांदूळ, १ किलो’ लिहिलं तर ते मुकाट्यानं साखर मोजून दाखवेल. पेज केली का, हे ते विचारणार नाही.

इथे वाणही आडवा येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेला एचएमटी हा बारीक तांदूळ विदर्भभर पोचला. मनगटी घड्याळाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. एचएमटी, चिन्नोर आणि जाडा तांदूळ शिजायला सारखा वेळ घेत नाहीत, हे इथल्या कोणत्याही घरात माहीत असतं. सॉफ्टवेअरच्या ‘राइस’ या एका शब्दात हा फरक मावत नाही.

पोह्यांनी ही अडचण बरीचशी सुटते. धान भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात, तेव्हा त्यांचं स्टार्च बव्हंशी आधीच मोकळं झालेलं असतं. परदेशी यादीतल्या ‘फ्लेक्ड राइस’शी आपले जाडे पोहे सर्वांत जवळचे. ते थेट माल्टबरोबर गरम पाण्यात टाकता येतात.

पोह्यांत स्वतःची एन्झाइम नसतात. त्यांचं स्टार्च तोडण्याचं काम माल्टलाच करावं लागतं. हे बळ मोजण्याला ‘डायस्टॅटिक पॉवर’ म्हणतात आणि बरीच सॉफ्टवेअर ती दाखवतात. नव्या जिन्नसाच्या रकान्यात पोह्यांसाठी शून्य लिहायचं. एकूण धान्यात पोह्यांचं प्रमाण पाचवा हिस्सा असेल तर साध्या फिक्या माल्टला ते सहज पेलतं. दुसरी गोष्ट गाळण्याची. माल्टमधल्या जवाच्या टरफलांचा थर गाळणीसारखं काम करतो. पोह्यांना टरफल नाही, त्यामुळे रस तुंबतो. परदेशातले लोक यासाठी धानाचं तूस विकत आणतात. राईस मिलच्या मागे ज्याचे डोंगर पडलेले असतात, तेच हे तूस. त्यातून साखर येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ते शून्य अंशांचा जिन्नस म्हणून घालायचं. ते थोडं पाणी धरून ठेवतं, पाण्याच्या हिशेबात तेवढं लक्षात ठेवायचं.

राहिला मुख्य आकडा. पोह्यांमधून किलोमागे किती अंश मिळतात? वेगवेगळ्या याद्या वेगवेगळं सांगतात. आपणच मोजून पाहणं उत्तम. एका भांड्यात २०० ग्रॅम माल्ट, दुसऱ्यात २०० ग्रॅम माल्ट आणि ५० ग्रॅम पोहे घ्यायचे. दोन्ही सारख्याच तापमानाला, सारखाच वेळ ठेवून, गाळून, चोथा धुऊन रस बरोबर दीड-दीड लिटर करायचा. समजा पहिल्याची घनता १.०३६ आली आणि दुसऱ्याची १.०४४. पहिल्यात झाले ५४ अंश, दुसऱ्यात ६६. वरचे १२ अंश ५० ग्रॅम पोह्यांचे, म्हणजे किलोमागे २४०. त्याच कसोटीत माल्टला किलोमागे २७० मिळाले. माल्टच्या रकान्यात ३०० लिहिलेले असतील तर पोह्यांसाठी त्याच प्रमाणात सुमारे २६७ लिहायचे. सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीनं पौंड आणि गॅलनमध्ये विचारत असेल तर ८.३४५ने भागायचं. उत्तर ३२, आणि ते लिहायचं १.०३२ असं.

एका चाचणीवर विसंबू नये. दोनतीनदा करून सरासरी घ्यावी. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासानं बोलायचं, या प्रश्नाचं संख्याशास्त्रातलं प्रसिद्ध उत्तर बिअरच्याच कारखान्यातून आलं. डब्लिनच्या गिनेसमध्ये काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ते ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापलं आणि आज प्रत्येक विद्यापीठात ती ‘टी-चाचणी’ शिकवली जाते.

मोहफुलाचा रकाना

मोहफुलाचा हिशेब आणखी निसरडा आहे. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. शुद्ध साखर किलोमागे ३८४ लिटर-अंश देते. फुलात ६० टक्के साखर धरली तर किलोमागे २३० अंश होतात. पण फूल किती वाळलं आहे यावर हा आकडा हलतो. एप्रिलच्या उन्हात कडक वाळलेलं फूल आणि पावसाळ्यात ओल धरलेलं तेच फूल, यांचं वजन सारखं असलं तरी साखर सारखी नसते. म्हणून मोहासाठी यादीतला आकडा घेऊच नये. शंभर ग्रॅम फुलं कोमट पाण्यात भिजवून, गाळून, रसाचं माप आणि घनता घ्यावी आणि त्या पोत्यापुरताच तो आकडा वापरावा. सॉफ्टवेअरमध्ये एकाच जिन्नसाच्या दोन वेगळ्या खेपा ठेवता येतात का, ते इथे कळतं. मोहाची साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खातं, तेव्हा शेवटची घनता माल्टच्या बिअरपेक्षा खाली उतरते. ही बाब नोंदवायची सोय काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही.

ऊन आणि बाटल्या

विदर्भातल्या उन्हाळ्यात घरात ३५ अंश म्हणजे गारच म्हणायचं. घनता मोजणारा हायड्रोमीटर मात्र १५.६ किंवा २० अंशांना जुळवलेला असतो. २०ला जुळवलेला हायड्रोमीटर ३५ अंशांच्या रसात बुडवला तर तो घनता साधारण चार अंशांनी कमी दाखवतो. १.०४४ दिसतात तेव्हा खरे १.०४८ असतात. कार्यक्षमतेत हा फरक सात-आठ टक्क्यांचा पडतो आणि माणूस उगाच माल्टला दोष देत बसतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा रकाना प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असायला हवा, आणि हायड्रोमीटर कितीला जुळवलेला आहे हेही त्यानं विचारायला हवं.

यीस्टच्या बाबतीतही तसंच. बहुतेक एल यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट वागतात. त्याहून वर गेलं की बिअरला उग्र वास येतो. नॉर्वेच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं ‘क्वाइक’ जातीचं यीस्ट मात्र ३५ अंशांनाही चांगलं काम करतं. यीस्टच्या यादीत तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडल्यावर इशारा देणारं सॉफ्टवेअर मला आकर्षक आलेख काढणाऱ्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं.

जिथे चुकीची किंमत फक्त चवीत मोजावी लागत नाही, असा एक रकाना आहे. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. किती घालायची, ते बिअरमध्ये आधीच किती कार्बन डायऑक्साइड मुरला आहे यावर ठरतं, आणि बिअर जितकी गरम, तितका तो कमी मुरतो. वीस लिटर बिअर २० अंशांत आंबली असेल आणि मध्यम फेस हवा असेल तर सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. ३० अंशांत आंबली असेल तर सुमारे १३०. रकान्यात ‘तापमान’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे लिहायचं ते आंबवण सुरू झाल्यापासून बिअरनं गाठलेलं सर्वांत वरचं तापमान. आता बिअर फ्रिजमध्ये आहे म्हणून ४ अंश लिहिलं, तर सॉफ्टवेअर समजतं की वायू भरपूर मुरलेला आहे, आणि गरजेपेक्षा बरीच कमी साखर सांगतं. मग बिअरला पुरेसा फेस येत नाही. आंबवण पुरतं संपण्याआधी बाटल्या भरल्या तर उलट होतं आणि काच फुटते. दोन-तीन दिवस घनता हलली नाही, हे पाहूनच बाटल्या भराव्यात.

पाण्याचा अहवाल

भंडाऱ्यात विहिरीचं, बोअरचं आणि नळाचं पाणी सारखं नाही, हे चहावरूनही कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून पाण्याचा अहवाल मिळतो, पण तो सॉफ्टवेअरच्या भाषेत नसतो. अहवालात कठीणपणा आणि क्षारता दोन्ही ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ लिहितात. सॉफ्टवेअर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट वेगवेगळे मागतं. कॅल्शियमचा कठीणपणा ०.४ने गुणला की कॅल्शियम मिळतं, मॅग्नेशियमचा ०.२४३ने गुणला की मॅग्नेशियम, आणि क्षारता १.२२ने गुणली की बायकार्बोनेट. काही सॉफ्टवेअर हे रूपांतर स्वतः करतात, काहींत हातानं करावं लागतं.

या सगळ्यातून अंदाज काढायचा असतो तो माल्ट मिसळल्यावरच्या पाण्याच्या पीएचचा. ५.२ ते ५.६च्या आसपास तो असला की एन्झाइम खूश. पीएच हे मापही बिअरनंच जगाला दिलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरन सॉरनसेन यांनी १९०९ साली ते मांडलं. पाण्याच्या गणितात खोल जायचं असेल तर मार्टिन ब्रुनगार्ड यांचं ‘ब्रून वॉटर’ हे तक्तावजा साधन प्रसिद्ध आहे. नवशिक्यानं आरओचं पाणी घेऊन त्यात ठरावीक क्षार घालावेत. अर्धी गुंतागुंत तिथेच संपते.

कोणतं घ्यावं

आता नावं. ‘बीअरस्मिथ’ हे ब्रॅड स्मिथ यांचं सॉफ्टवेअर २००३पासून आहे. ते संगणकावर बसवायचं असतं, इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि गंजात किती उरतं, नळीत किती अडकतं, वाफ किती होते, असा भांड्यांचा तपशील त्यात बारकाईनं भरता येतो. ते शिकायला वेळ लागतो. ‘ब्रूफादर’ नॉर्वेचं. ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतं, दिसायला स्वच्छ, आणि आंबवणाच्या भांड्यात तरंगत घनता कळवणाऱ्या टिल्ट किंवा आयस्पिंडलसारख्या उपकरणांशी जोडता येतं. फुकट वापरात पाककृतींच्या संख्येवर मर्यादा आहे. ‘ब्रूअर्स फ्रेंड’चे सुटे हिशेब, म्हणजे मद्यार्क, बाटलीतली साखर, हायड्रोमीटरची दुरुस्ती, खातं न उघडताही करता येतात. ‘ब्रूटार्गेट’ मुक्त स्रोताचं आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, पैसे लागत नाहीत, आणि नोंदी आपल्याच संगणकावर राहतात.

एक जुनं नाव शहाणपण शिकवण्यापुरतं लक्षात ठेवावं. ‘प्रोमॅश’ हे एके काळी घरोघरी असलेलं सॉफ्टवेअर. पुढे त्याचा विकास थांबला, संगणक बदलत गेले आणि लोकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी जुन्या फाइलींत अडकल्या. म्हणून पाककृती बाहेर काढता येणं ही पहिली अट. यासाठी ‘बीअरएक्सएमएल’ नावाचं मानक आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर ते वाचतात. त्यात वजन किलोत, द्रव लिटरमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये लिहितात, ही आपल्या सोयीची गोष्ट. गैरसोयीची गोष्ट अशी की त्याच्या पहिल्या आवृत्तीत अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांपुरता धरलेला आहे. मराठीत लिहिलेल्या नोंदी देता-घेताना प्रश्नचिन्हांच्या रांगेत रूपांतरित होऊ शकतात. ‘पोहे जास्त शिजले, रस तुंबला’ असं देवनागरीत लिहायची सवय असेल तर हे आधीच तपासावं.

तेव्हा माझा सल्ला असा. पहिल्या दोनतीन खेपांना कोणतंही फुकट साधन पुरे. तेवढ्यात आपली कार्यक्षमता, गंजातलं नुकसान आणि तासाची वाफ, हे तीन आकडे हाती येतात. पैसे द्यायची वेळ आली की त्याआधी फुकट आवृत्तीत एक पाककृती बसवून पाहावी. साडेतीन किलो माल्ट, पाऊण किलो जाडे पोहे, अर्धा किलो मोहफुलं, थोडं तूस. पोह्यांसाठी १.०३२ आणि मोहासाठी आपण मोजलेला आकडा घालावा. हायड्रोमीटर ३५ अंशांना वाचावा. पाण्याचा अहवाल जसा हाती आला तसा भरावा. नोंद मराठीत लिहावी. मग ही पाककृती बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी.

दोन्हीकडे घनता आणि मद्यार्क जुळले, कडूपणा वेगळा आला आणि तो सूत्रामुळे आला हे दिसलं, तर दोन्ही सॉफ्टवेअर चांगली. हाताला जे सोपं वाटेल ते घ्यावं. पोहे आत जाऊच दिले नाहीत, किंवा गेल्यावर त्यांचे आकडे गुपचूप ‘फ्लेक्ड राइस’चे झाले, तर ते कितीही देखणं असलं तरी सोडून द्यावं. आपण मोजलेला आकडा जे मानत नाही, त्याच्यावर साडेतीन किलो माल्ट, गॅस आणि एक रविवार खर्च करण्यात अर्थ नाही.